तांदळातल्या तिघी

"तिघींना खाली घे आणि पाटावर मांड," महेंद्र मला म्हणाला. मग मंजिरीकडे वळून, "आता दाखव तुझी कुठली ती."

महेंद्र माझा एकुलता एक मुलगा. मंजिरी माझी सून. म्हणजे कागदोपत्री त्या दिवशी ती माझी कोणीच नव्हती, चार महिन्यांपूर्वी कोर्टानं दोघांना मोकळं केलं होतं. पण जीभ कोर्टाचं थोडंच ऐकते? मी तिला सून म्हणत होते, अजूनही म्हणते. आणि तिघी म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातल्या तीन अन्नपूर्णा.

आमच्यात मुलगी लग्न होऊन निघाली की माहेरचे तिच्याबरोबर अन्नपूर्णा देतात. बोटभर उंचीची, मांडीवर पळी आडवी धरून बसलेली पितळेची देवी. सासरच्या देव्हाऱ्यात तिला वाटीभर तांदळात बसवायची. जितक्या सुना तितक्या अन्नपूर्णा. एक माझ्या सासूबाईंची, घासून घासून नाकडोळे गेलेली. एक माझी. मी कासाराची लेक, कऱ्हाडला आमचं भांड्यांचं दुकान होतं. दुकानातल्या सगळ्या मूर्ती हातात तोलून त्यातली सगळ्यात जड ती वडिलांनी मला दिली होती. तिसरी मंजिरीची. सासूबाईंची कुणीही ओळखली असती. पण माझी आणि मंजिरीची एकाच चणीच्या. त्यांच्यातला फरक कळायला रोज अंघोळ घालणारा हातच पाहिजे.

महेंद्रनं जन्मात कधी देवाला पाणी घातलं नव्हतं.

खरं तर हा तमाशा व्हायचंच कारण नव्हतं. मंजिरीला म्हैसूरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि ती दोन्ही मुलींना घेऊन निघाली होती. मोठी केतकी नऊ वर्षांची, धाकटी मनू चार. दुपारची गाडी मिरजेहून होती. सांगलीहून मिरज किती लांब, म्हणून जाता जाता आजीला भेटून जा, असं मीच सांगितलं होतं. रविवारी सकाळी महेंद्र मित्रांकडे जातो. तेवढ्यात मुलींना जेवू घालावं, मंजिरीची अन्नपूर्णा तिच्या हातात द्यावी आणि हसत निरोप द्यावा, एवढाच माझा बेत. त्या हसत गेल्या तर पुन्हा माझ्या दाराशी येतील. रडत गेल्या तर कशाला येतील? त्या अर्ध्या तासावर माझं सगळं होतं.

पण आदल्या दिवशी फलटणहून आमच्या वन्सं येऊन टपकल्या. माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. यजमान गेले तरी वन्सं काही गेल्या नाहीत. घरात पाऊल टाकताच त्यांची नजर कानाकोपऱ्यातून फिरते. पहिला प्रश्न, "कॅलेंडर इतकं खाली का गं लावलंयस, प्रमिला? लहान पोरांच्या शाळेत लावतात तसं."

"डोळे अधू झालेत," मी म्हटलं. "टेबलाशी बसून तिथी बघता येते."

"मग चष्मा कर की," म्हणाल्या आणि दुसऱ्या विषयाकडे वळल्या. तो दुसरा विषय म्हणजे उद्याचा निरोप. मी तोंडातून बोलून गेले की मंजिरीची अन्नपूर्णा तिला देणार आहे, आणि वन्संनी ते चहाबरोबर महेंद्रच्या कानावर घातलं. झालं. तो रविवारी घरातून हललाच नाही.

आधीच तो पेटलेला होता. मुली परराज्यात न्यायच्या नाहीत म्हणून तो कोर्टात हमरीतुमरीवर आला होता. "तिकडं कानडी शिकतील आणि बापाला विसरतील," हे त्याचं म्हणणं. जजसाहेबांनी केतकीला आत बोलावून विचारलं, बाळ, तुला कुणाजवळ राहायचंय? पोरीनं आईचं नाव घेतलं. तेव्हापासून महेंद्र म्हणत सुटला होता की मंजिरीनं पोरीला पढवून आणली. हरलेल्या माणसाला कुठं तरी जिंकायचं असतं. कोर्टात नाही जमलं, म्हणून देव्हाऱ्यापाशी.

"एवढं काय त्यात," मंजिरी म्हणाली. "आईंनी हातात दिली की मी घेऊन निघते. खाली रिक्षा थांबलीय."

पूर्वी ती त्याला अहो म्हणायची. आता काहीच म्हणत नसे. त्याच्याकडे न बघता बोलायची.

"आईला काय कळतंय त्यात? तीन आहेत. उद्या म्हणशील, मला भलतीच दिली. आणि मुळात घरातली देवी बाहेर का जावी?"

"तेच म्हणते मी," वन्सं सोफ्यावरून म्हणाल्या. "अन्नपूर्णा उंबऱ्याबाहेर गेली की तिच्या पाठोपाठ घराची बरकत जाते. आमच्या शेजारी झालंय तसं."

"ती तिची आहे वन्सं," मी म्हटलं. "तिच्या आईनं दिलेली. आपल्या बरकतीला आपल्या दोघी आहेत की."

"तू गप बस आई," महेंद्र म्हणाला. आणि मी गप्प बसले. ती सवयच होती मला.

तुम्हाला वाटेल मुलगा राक्षस होता. तसं नव्हतं. शिकलेला, चांगल्या पगाराचा, बाहेर चारचौघांत दादा म्हणून मान असलेला. राग तेवढा वाईट. आणि तो निघायचा जेवणाच्या ताटावर. मीठ कमी पडलं, पोळी कडक झाली, की ताट लोटायचा. हात कधी उगारला नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, जसं काही ते माझ्या संस्काराचं बक्षीसच. मंजिरी लग्न होऊन आली तेव्हा तिला म्हटलं होतं, "तापट आहे गं, पण मनाचा निर्मळ आहे. तेवढं सांभाळून घे." तिनं दहा वर्षं जमिनीवरचं वरण पुसलं. मग एक दिवस फडकं टाकून दिलं, मुलींना घेतलं आणि भाड्याच्या खोलीत राहायला गेली. घरात मी आणि तो, दोघंच उरलो.

असो. मी तिघींना तांदळातून उचललं, पुसलं आणि पाटावर ठेवलं.

मंजिरी गुडघ्यांवर बसली. एक क्षण लागला नाही तिला. उजवीकडची उचलली. "ही."

"नक्की?"

"नक्की."

बरोबर होतं तिचं. तीच तिची होती. मी म्हणणारच होते, की घे बाई आणि नीघ. तेवढ्यात महेंद्रनं ती तिच्या हातातून काढून घेतली, तिघींची जागा बदलली आणि बाल्कनीकडं तोंड करून हाक मारली, "केतकी! इकडं ये."

"तिला नको," मंजिरी एकदम म्हणाली. "कोर्टात एकदा झालंय ना तिला उभं करून. आता पुन्हा नको."

"का? भीती वाटते? दर रविवारी आजीबरोबर पूजा करते ती. तिला सगळं माहीत आहे. पोर खोटं बोलणार नाही."

हे मात्र त्याचं खरं होतं. कोर्टानं ठरवून दिल्याप्रमाणे मुली दर रविवारी आमच्याकडे यायच्या, आणि आल्या आल्या केतकी माझ्या शेजारी पाट ओढून बसायची. तिघींना तिनं नावं दिली होती. पणजीबाई, आजी आणि आई. "पणजीबाईंना कोमट पाणी घाल गं, त्या म्हाताऱ्या आहेत," असं मलाच सांगायची. हळदीकुंकू लावताना माझ्या अन्नपूर्णेपाशी आली की हटकून म्हणायची, "आजीची पळी वाकडी." कारण तिची पळी वाकलेलीच होती.

ती का वाकली तेही मी तिला सांगितलं होतं, आणि ती खदखदून हसली होती. ते पुढे येईलच.

केतकी आत आली. एका हाताला मनू लटकलेली, दोघींची तोंडं बेसनाच्या लाडवानं माखलेली. मी पहाटे उठून केले होते ते लाडू, गाडीत खायला. आल्याबरोबर दोघींनी डबा फोडला होता.

"यातली आईची कुठली, सांग," महेंद्र म्हणाला. "आणि देवासमोर खोटं बोलायचं नाही, कळलं?"

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. नऊ वर्षांची पोर. तासाभरात घर, शाळा, गाव सोडून जाणार होती, आणि जन्मदाता बाप तिला निरोपाला काय देत होता, तर साक्ष द्यायला बोलवत होता. माझ्या पोटचा हा गोळा. याला मी घडवला. मी पदर तोंडाशी धरला आणि खाली बघत राहिले.

"हात धुऊन येते," केतकी म्हणाली. "उष्ट्या हातानं देवाला शिवू नये."

ती मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. परत आली, फ्रॉकला हात पुसले, पाटासमोर बसली. तिघींकडे बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, बापाकडे नाही, माझ्याकडे. आणि हात पुढे करून माझी अन्नपूर्णा उचलली.

"ही आईची," ती म्हणाली.

वाकड्या पळीची. माझ्या वडिलांनी हातात तोलून दिलेली. तिच्या तोंडून शंभरदा 'आजीची' म्हणून ऐकलेली.

महेंद्र मोठ्यानं हसला. "घ्या! ऐकलंस ना आत्या? हिला स्वतःची देवी ओळखता येत नाही, आणि निघालीय दोन पोरी घेऊन परमुलखात संसार थाटायला."

"कमाल आहे बाई," वन्सं म्हणाल्या. "दहा वर्षं पूजा केलीस ना गं?"

केतकीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. ती बाल्कनीत होती, आईनं आधीच एक उचलून दाखवलीय हे तिला कुठं माहीत होतं? तिला आता कळलं की तिच्या एका शब्दानं आई सगळ्यांसमोर खोटी पडली.

मी तोंड उघडलं आणि तसंच राहिले. बोलायचं तर काय बोलायचं? मंजिरी बरोबर आहे म्हटलं, तर पोर देवासमोर खोटं बोलली असं ठरणार. आणि महेंद्र तर तेवढ्याचीच वाट बघत होता, बघा, हिनं कशी पढवलीय, आता पुन्हा जाऊ कोर्टात. गप्प राहिले, तर मंजिरी मूर्ख ठरणार. इकडे आड तिकडे विहीर. माझा विचार चालूच राहिला, आणि मंजिरीनं निकाल लावूनही टाकला.

"हो," ती शांतपणे म्हणाली. "चुकलं माझं. केतकीला बरोबर माहीत आहे. हीच माझी."

तिनं लेकीच्या हातातून माझी अन्नपूर्णा घेतली आणि माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. मला कळलं होतं हेही तिला कळलं होतं. 'नेऊ ना?' एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. मी मान हलवली की नाही, आज आठवत नाही. मी उठले, आत गेले आणि डब्यातले नवे आंबेमोहोर तांदूळ ओंजळ भरून आणले. एका वाटीत घातले, त्यात तिला बसवली. उरलेले मंजिरीच्या ओढणीत ओतले.

"ओटी भरतेस की काय?" वन्सं सोफ्यावरून उठल्याच. "अगं, घटस्फोट झालाय तिचा!"

"तांदूळ देतेय," मी म्हटलं. "प्रवासात देवी उपाशी राहू नये."

तेवढं एकच वाक्य निरोपाच्या वेळी माझ्या तोंडून धड निघालं.

मंजिरी वाकून पाया पडली. मनू रिक्षातून कोपऱ्यापर्यंत हात हलवत होती. केतकीनं मागं वळून बघितलं नाही. दोन्ही हातांत ती वाटी धरून, तांदूळ सांडू नयेत म्हणून मान खाली घालून बसली होती.

वर आले तर महेंद्र हात धुऊन टेबलाशी बसला होता. जिंकलेल्या माणसाला भूक लागते. "वाढ," म्हणाला. वन्सं आत बॅग भरत होत्या. मी ताट आणलं, पण ठेवलं नाही, हातातच धरून उभी राहिले.

"मंजिरीनं आधी उचलली तीच तिची होती," मी म्हटलं. "केतकीनं दिली ती माझी. माझ्या वडिलांनी दिलेली."

"काहीतरीच."

"पळी बघितलीस तिची? वाकलेली आहे. तू चार वर्षांचा असताना देव्हाऱ्यातनं तिला उचललीस आणि तिनं सुपारी फोडत बसलास. मी मारायला धावले तर हे म्हणाले, मारू नकोस, देवीनंच आपली पळी दिली असेल त्याला. तू वाकवलेली पळी तुला ओळखू आली नाही महेंद्र. आणि तू मंजिरीला हसलास."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता ओरडेल. पण ओरडला नाही. खऱ्याच आश्चर्यानं म्हणाला, "मग तू का नाही बोललीस?"

एवढंच. मी ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेले.

पुढची वर्षं निघून गेली. महेंद्र दोनदा मुलींना भेटायला म्हैसूरला गेला, मग प्रवास झेपत नाही म्हणाला, मग सुट्टी नाही म्हणाला. मग काहीच म्हणेनासा झाला. मला मात्र मंजिरीचा फोन चुकला नाही. पाडव्याला, गौरीला, दिवाळीला, आणि मधेही कधीतरी. फोन उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "आई, जेवलात का?" मी म्हणायची, "जेवले गं." मला वाटायचं, रीत म्हणून विचारते.

आणि रोज सकाळी मी तिच्या अन्नपूर्णेला अंघोळ घालायची. केतकीनं तसं का केलं, याचा मी माझ्यापुरता उलगडा करून घेतला होता. पोरीनं आईची देवी मुद्दाम मागं ठेवली, म्हणजे आईला एक दिवस परत यावं लागेल. आई-बाप एकत्र यावेत असं कुठल्या लेकराला वाटत नाही? हे मी एक-दोघी शेजारणींनाही सांगितलं होतं. त्यांचे डोळे भरायचे, माझेही भरायचे. दुःखात तेवढंच एक गोड.

सोळा वर्षांनी केतकीचं लग्न ठरलं. मंजिरीचा फोन आला, "आई, तुम्ही यायचंच. केतकी म्हणते आजीशिवाय साखरपुडा नाही." महेंद्रला वेगळं बोलावणं होतं. तो "बघू" म्हणाला आणि बघितलं काही नाही. मी एकटी निघाले. मंजिरीची अन्नपूर्णा डब्यात तांदूळ घालून बरोबर घेतली. म्हटलं, आता हिशेब पुरा करावा, जिची तिला द्यावी.

म्हैसूरचं त्यांचं घर लहान आणि उजेडाचं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंजिरी बाजारात गेली होती. केतकी स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होती. उंच, चष्मा लावलेली, हुबेहूब आईची बसण्याची ढब. ओट्याच्या कोपऱ्यात छोटा देव्हारा, त्यात माझी अन्नपूर्णा, तांदळात, वाकडी पळी घेऊन. मी डबा उघडून तिच्यासमोर ठेवला.

"हिला आणलंय," मी म्हटलं. "आईची आईला दे. माझी मला दे."

केतकीनं डब्यात बघितलं. मग माझ्याकडे. "आजी, तुला माहीत होतं?"

"माझीच अन्नपूर्णा, आणि मला माहीत नसेल?"

"मग तू तेव्हा बोलली कशी नाहीस?"

पुन्हा तोच प्रश्न. बापलेकीची चाल एकच.

"तू खोटी पडू नयेस म्हणून," मी म्हटलं. "आणि मला कळलं होतं गं तुझ्या मनातलं. आई परत यावी म्हणून तिची मागं ठेवलीस ना?"

ती क्षणभर गोंधळली. मटार सोलायची थांबली.

"नाही गं आजी. आई परत यावी असं मला कधीच वाटलं नाही. मी खूप घाबरले होते, की ती परत जाईल म्हणून." आणि मग हळूच म्हणाली, "मला तुला न्यायचं होतं."

"मला?"

"आदल्या दिवशी मी आईला विचारलं होतं, आजीला पण नेऊ या का? आई म्हणाली, कोर्टानं तुम्हा दोघींचंच सांगितलंय, आजीचं कुणी विचारलंच नाही. मग मी म्हटलं, निदान ही तरी न्यावी. हिला तरी तिथं ठेवू नये."

"ठेवू नये? का बरं?"

ती माझ्याकडे बघेना. "कॅलेंडर," ती म्हणाली. "एका रविवारी मनूचा चेंडू त्याच्यामागं अडकला. मी ते वर करून बघितलं. आम्ही तिथं राहत होतो तेव्हाचा डाग मला माहीत होता ना, टेबलामागचा. आई होती तेव्हाचा. हा दुसरा होता. आई गेल्यानंतरचा. आणि त्याच्या आदल्या रविवारी तू आम्हाला म्हणाली होतीस, माझ्या हातनं ताट निसटलं. ताट निसटलं तर वरण खाली सांडतं आजी. भिंतीवर इतक्या उंच जात नाही."



ज्या दुपारी मी मान खाली घालून मुलाची लाज वाटून घेत होते, त्या दुपारी ती पोर माझ्याकडे का बघत होती, ते मला सोळा वर्षांनी कळलं. मला वाटत होतं, घरातलं घरात राहिलं. वन्संना कळलं नाही, शेजाऱ्यांना कळलं नाही, मुलींना तर नाहीच नाही. मंजिरी गेली आणि तिच्या जागेवर मी आले, एवढंच झालं होतं. आणि ज्या मंजिरीला मी 'सांभाळून घे' म्हणाले, तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते की आता तेच मी सांभाळते आहे? शरम अशी की मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लहानग्या नातीची कीव करत होते, आणि ती हात धुताना नळापाशी उभी राहून माझीच काळजी करत होती. वर तिनं देवासमोर खोटं बोलून आईचा अपमान ओढवला, तोही माझ्यापायी.

"आईला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"रिक्षातच सांगितलं मी. रडत होते, आईला सगळे हसले म्हणून. आई म्हणाली, बरं केलंस."

म्हणजे मंजिरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. 'आई, जेवलात का?' सोळा वर्षं ती खरंच विचारत होती. आणि मी सोळा वर्षं तिला रीत म्हणून उत्तर देत होते.

मंजिरी बाजारातून आली. तिनं डबा बघितला, आमचे चेहरे बघितले. पिशवी ठेवली, हात धुतले, तिची अन्नपूर्णा डब्यातून काढून माझ्या अन्नपूर्णेशेजारी तांदळात बसवली. "राहू देत दोघी इथंच," म्हणाली. मग माझं ताट वाढलं. मी पहिला घास घेतला तसं तिनं विचारलं, "मीठ बरोबर आहे ना आई?" विचारलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून थबकलो. आमच्या घरात या प्रश्नाला काय उत्तर मिळायचं ते आम्हा दोघींनाच माहीत. "बरोबर आहे," मी म्हटलं, आणि पानात काही न टाकता जेवले.

साखरपुडा करून मी सांगलीला परत आले. मुली राहा म्हणत होत्या. पण एक काम घरी राहिलं होतं.

देव्हाऱ्यात आता सासूबाईंची एकटीच होती. महेंद्रच्या ते लक्षात आलं नाही, येणारही नव्हतं. मी अंघोळ केली, पूजा केली, स्वयंपाक केला. मग टेबलाशी गेले आणि कॅलेंडर काढलं. दर वर्षी नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला लागत आलं होतं. डागाचा पिवळेपणा गेला होता, पण तेलकट वण तसाच होता, वरून खाली ओघळलेला. मी खिळाही उपटला.

दुपारी महेंद्र जेवायला बसला. त्याचेही केस पांढरे झालेत आता. त्यानं भिंतीकडे बघितलं.

"कॅलेंडर कुठं गेलं? आणि हा डाग कसला?"

"वरणाचा," मी म्हटलं. "तू माझ्या अंगावर लोटलेल्या ताटातला. आता राहू दे तो असाच, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे."

मी त्याच्यासमोर ताट ठेवलं, खुर्ची ओढली आणि समोर बसून माझंही वाढून घेतलं.